टाचांच्या भेगा आणि मधुमेह

थंडी सुरू झाली की घरोघरी टाचांच्या भेगांचा विषय निघतो. आज तेवढ्यावरच बोलते.

तळपायाला घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. त्यात टाचेची कातडी जाड. ती कोरडी पडली की ताणली जात नाही, अंगाचा भार आला की सरळ फाटते.

मग करायचं काय? रात्री कोमट पाण्यात 10 मिनिटं पाय ठेवा, वजरीने हलक्या हाताने घासा, टिपून घ्या आणि पाय ओलसर असतानाच युरियाचं क्रीम किंवा व्हॅसलीन लावा. वर सुती मोजे. आमच्या कोकणात भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, पातळ करून लावतात. भेगा वरवरच्या असतील तर तेही चालतं.

पण घरात कुणाला मधुमेह असेल तर पाय भिजवणं, वजरी आणि गरम तेल, तिन्ही नको. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. चटका बसला, खोल चीर गेली तरी कळत नाही. त्यांनी रोज पाय धुवून नीट कोरडे करावेत आणि क्रीम फक्त टाचेला, तळव्याला लावावं, बोटांच्या बेचक्यांत नाही. रोज तळवा बघावा. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. रक्त, पू, लाली किंवा सूज दिसली की त्याच दिवशी डॉक्टरकडे. ‘दुखत नाहीये गं’ म्हणाले तरी थांबू नका.

आज रात्री आईबाबांचे तळवे एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!