दहशतवादावर हसावे कसे?

(नागपुरातील महाल भागात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. दहशतवाद आणि विनोद हे दोन शब्द शेजारी यावेत, हेच आपल्याला रुचत नाही. आणि महालात बसून तर ते रुचू नये, हे स्वाभाविकच आहे. १ जून २००६ च्या पहाटे पोलिसी गणवेशातील तिघे जण लाल दिव्याची पांढरी अँबॅसडर घेऊन याच भागातील संघ मुख्यालयावर चालून आले होते. पहाऱ्यावरील पोलिसांनी त्यांना वेळीच ओळखले, चकमकीत तिघेही मारले गेले आणि त्यांच्याजवळून रायफली, हातबाँब व स्फोटके हस्तगत झाली. त्या सकाळी गोळीबाराच्या आवाजाने जागी झालेली माणसे आज येथे समोर बसली असतील. त्यांच्यापुढे हसण्याविषयी बोलायचे, म्हणजे जरा जपूनच बोलायला हवे.

निमित्त आहे एका अमेरिकी माहितीपटाचे. मॉर्गन स्परलॉक हे नाव आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. तीस दिवस केवळ मॅक्डोनाल्ड्सचे पदार्थ खाऊन स्वतःच्या प्रकृतीची दुर्दशा पडद्यावर दाखवणारा ‘सुपर साइझ मी’ हा त्याचा २००४ चा माहितीपट बराच गाजला होता. त्यानंतर त्याने हाती घेतला ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज ओसामा बिन लादेन?’. २००८ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. कल्पना अशी की, पत्नीला दिवस गेले आहेत, होणाऱ्या बाळासाठी जग निर्धोक करायचे आहे, सबब लादेनला आपणच शोधून काढावे. मग हा गृहस्थ इजिप्त, मोरोक्को, इस्रायल, पॅलेस्टाइन, जॉर्डन, सौदी अरेबिया, अफगाणिस्तान असे करत पाकिस्तानात पोहोचतो. मधूनमधून व्हिडिओ गेमसारखी चित्रे येतात आणि लादेन चक्क नाचतो. ‘लादेन कुठे आहे?’ असे रस्त्यावरच्या माणसाला विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर प्रेक्षकांना हसवायचे, असा सारा मामला. शेवटी पाकिस्तानच्या टोळीवाल्या प्रदेशाच्या वेशीवर परकीयांना प्रवेशबंदीची पाटी दिसते आणि स्वारी घरी परतते.

चित्रपट येण्यापूर्वी ‘याला लादेन खरोखरच सापडला’ अशी कुजबुज होती. ती विरल्यावर पाश्चात्त्य समीक्षकांनी त्याची फारशी गय केली नाही. विषय एवढा भीषण आणि हाताळणी एवढी उथळ, दिग्दर्शकाचे लक्ष विषयापेक्षा स्वतःवरच अधिक, आणि एवढी पायपीट करून हाती आलेला निष्कर्ष काय, तर सामान्य माणसे सगळीकडे सारखीच असतात, असा टीकेचा सूर होता. काहींनी हेतूचे आणि साध्या माणसांशी झालेल्या संवादांचे कौतुकही केले.

या टीकेचा पहिला भाग मला मान्य आहे. ज्या माहितीपटाचा नायक दिग्दर्शकच असतो, त्यात प्रश्नापेक्षा प्रश्नकर्ता मोठा होतो. (२०१७ मध्ये स्परलॉकने आपल्या जुन्या मद्यपानाची जाहीर कबुली दिली, तेव्हा त्या गाजलेल्या आहारप्रयोगाच्या निष्कर्षांवरही लोकांनी शंका घेतली. २०२४ मध्ये तो वारला.) परंतु दुसऱ्या भागाबाबत मी थोडा वेगळा आहे. सामान्य माणूस सर्वत्र सारखा, हे विधान खोटे नाही, अपुरे आहे. कैरोतील बापाला मुलाच्या नोकरीची चिंता आहे, हे खरेच. पण त्या चिंतेतून अकरा सप्टेंबर कसा घडला, कोणी घडवला, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या विचाराच्या बळावर घडवला, याचे उत्तर त्या बापाकडे नसते. ते शोधायला मेहनत लागते आणि ती मेहनत हसतखेळत होत नाही.

आणि पाहा, नियतीने या चित्रपटाची कशी थट्टा केली! स्परलॉक ज्या डोंगराळ प्रदेशाच्या वेशीवरून परतला, तेथे लादेन नव्हताच. २ मे २०११ रोजी तो मारला गेला तो अबोटाबादमध्ये, पाकिस्तानी लष्कराच्या छावणीच्या गावात, काकुलच्या लष्करी प्रबोधिनीपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईच्या १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गमावलेल्या आपल्या देशाला यात नवल वाटले नाही. स्परलॉकची वाट भारतावरून गेली असती, तर शोध कोठे घ्यावा हे त्याला कोणीही सांगितले असते.

मग विनोद वर्ज्य मानायचा का? आपली परंपरा तसे सांगत नाही. भरतमुनींनी हास्याला रसांत स्थान दिले आणि त्याचे सहा भेद सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. म्हणजे हसावे की नाही हा प्रश्न भरतांना पडलेलाच नाही; कोण कसा हसतो, याची प्रतवारी त्यांनी केली. आपल्या विदर्भात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिताना आपल्याच समाजाच्या भाबडेपणाला चिमटे काढले. ते चिमटे आपल्याला लागले, पण कोल्हटकर आपले शत्रू आहेत असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा हसू कोणाच्या अंगावर पडते, हे पाहायला हवे. चार्ली चॅप्लिनने १९४० मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’मधून हिटलरची खिल्ली उडवली. छळछावण्यांतील खरे क्रौर्य तेव्हा ठाऊक असते तर आपण तो चित्रपट करू शकलो नसतो, असे त्यानेच पुढे आत्मचरित्रात लिहिले. ख्रिस मॉरिसच्या ‘फोर लायन्स’ या २०१० च्या ब्रिटिश चित्रपटात हसू पडते ते आत्मघाती तरुणांच्या मूर्ख अहंकारावर. लंडनमधील ७ जुलै २००५ च्या स्फोटांत ५२ जण गेले होते. तेथे मृतांच्या आप्तांच्या बाजूने आक्षेप आला, तो समजण्यासारखाच होता. तरीही समीक्षकांनी चित्रपटाला उचलून धरले, कारण मरणाऱ्यांवर तो हसत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी ‘तेरे बिन लादेन’ आला. अमेरिकेला जाण्यासाठी धडपडणारा कराचीचा एक वार्ताहर कोंबड्या पाळणाऱ्या एका हुबेहूब लादेनला गाठून बनावट चित्रफीत तयार करतो, अशी त्याची कथा. आपण तो पाहून हसलो. पाकिस्तानने मात्र त्यावर बंदी घातली.

महाराष्ट्राच्या मातीतले उदाहरण हवे असेल, तर ‘ब्लॅक फ्रायडे’ घ्या. मुंबई स्फोटांवरील अनुराग कश्यपचा हा चित्रपट विनोदी मुळीच नाही. खटल्यावर परिणाम होईल या आरोपींच्या आक्षेपावरून तो न्यायालयात अडकला आणि निकाल लागू लागल्यावर फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एका संशयिताचा झोपडपट्टीतून पाठलाग आहे. पळणारा दमतो, धावणारे पोलिसही दमतात, सगळेच धापा टाकत थांबतात आणि पुन्हा पळू लागतात. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण त्या हशाने पोलीस लहान होत नाही. अपुऱ्या साधनांनिशी, सुटलेल्या पोटानिशी, तो शेवटपर्यंत धावतो. मुंबईचा पोलीस असाच आहे. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी घेऊन कसाबची रायफल धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच दलातले.

२६ नोव्हेंबरच्या त्या हल्ल्यात १६६ निरपराध गेले. त्यावर डॅन रीडचा ‘टेरर इन मुंबई’ हा माहितीपट २००९ मध्ये आला. मारेकरी आणि पाकिस्तानातील त्यांचे सूत्रधार यांच्यातील ध्वनिमुद्रित संभाषणे त्यात ऐकवली आहेत. ताजमधील एक मारेकरी तेथील खोल्या आणि संगणकांचे मोठमोठे पडदे पाहून खेडवळ पोरासारखा हरखून जातो, आणि पलीकडचा आवाज त्याला पुन्हा पुन्हा आग लावायला सांगतो. ऐकताना ओठांच्या कडेला हसू येते आणि तेथेच गोठते. स्परलॉकला विदूषकी करूनही जे दाखवता आले नाही, ते या चार वाक्यांत आहे: मारणारा कोण, त्याला हाकणारा कोण आणि तो कुठे बसला आहे.

याच हल्ल्यातील नऊ मृत मारेकऱ्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी दफनासाठी जागा नाकारली, हेही येथे सांगितले पाहिजे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील मृतांत मुसलमान प्रवासीही होते. सामान्य माणसाविषयी स्परलॉकला जे म्हणायचे होते, ते या नकाराने अधिक स्पष्ट म्हटले. त्यावर कोणी माहितीपट करावा, असे मला फार वाटते.

उलट, हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर अभिनेता पुत्र आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. महाराष्ट्र खवळला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. तेथे कोणी विनोद केला नव्हता, तरी लोकांना तो विनोदच वाटला, आणि अत्यंत हीन दर्जाचा वाटला. वर्मांनी पुढे २०१३ मध्ये त्या हल्ल्यावर चित्रपट काढलाच.

भाषणानंतर एका तरुणाने विचारले की, अशा चित्रपटांवर बंदीची मागणी आपण करावी का. मी त्याला ‘तेरे बिन लादेन’ची आठवण दिली. तो चित्रपट कराचीत दाखवला गेला नाही, आणि वर्षही उलटण्याच्या आत लादेन त्याच देशात सापडला. बंदीने पाकिस्तानचे काय राखले? स्परलॉकचा चित्रपट त्याने पाहिलेला नव्हता. आधी तो पाहा, कुठे हसू आले आणि कुठे चीड आली ते टिपून ठेवा, मग पुढच्या बैठकीत त्यावर बोलू, असे मी त्याला सांगितले. त्याने वही काढून नाव लिहून घेतले.