कवचातले उड्डाण

चार-सहा पंख्यांचे मानवरहित यान कवचात बंदिस्त करावे, म्हणजे ते भिंतीवर आदळूनही मोडणार नाही, ही कल्पना ऐकायला सुलभ खरी. परंतु कवचाचा प्रत्येक तोळा मोटारींनाच उचलावा लागतो, आणि झरोके अपुरे ठेवले तर पंख्यांना हवाच मिळत नाही, ही तिची मेख. स्वित्झर्लंडातील लोझान येथे २०१३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘जिम्बॉल’ या यानात जी तजवीज केली गेली, ती मला मोठी रम्य वाटते: बाहेरचा जाळीदार गोल आघाताने हवा तसा गरगरतो, आतले यंत्र मात्र अविचल राहते. रायपुरात असे यान पारखायचे, तर मे महिन्याची दुपार हाच कठोर परीक्षक. कारण ४५ अंश सेल्सियसची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असल्याने उद्धरणशक्ती घटते, आणि कोंडलेल्या मोटारी तापतात त्या निराळ्याच. पहिली उड्डाणे बंद दालनात, दोरी बांधून, गुडघाभर उंचीवरच करावीत. मोकळ्या आकाशात २०२१ च्या ड्रोन नियमांचा अंमल सुरू होतो. रायपूरच्या माना विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात २०० फुटांहून उंच जायचे, तर पूर्वपरवानगी घ्यावीच लागते.