लखनौचा दगड आणि शाहू महाराजांची पाटी



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. तेव्हा "पुतळ्यांच्या पैशात दवाखाना झाला असता" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. कॉलेजात मी स्वतः ते शहाणपण म्हणून बोलायचे. मग आईला घेऊन लखनौला गेले.

आधी बडा इमामबाडा पाहिला. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने तो बांधायला काढला, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, असं गाइडने अभिमानाने सांगितलं. खर्चाचा विषय कुणी काढला नाही. तो निघाला गोमतीनगरला जाताना, आणि काढला रिक्षावाल्याने. समोर डॉ. भीमराव आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थळ होतं. मायावती सरकारने उभारलेलं, शंभर एकरांहून मोठं, दगडी हत्तींच्या रांगा असलेलं. याने शहराचा नवाबी बाज बिघडला, असं म्हणणारे खूप आहेत. त्या नवाबी बाजात आपली माणसं कुठे दिसत होती, एवढंच मी विचारते.

सगळं गोड मानून घ्या, असं मी म्हणत नाही. भर उन्हात तिथला दगड नुसता तापतो, सावली कमी. आणि सत्तेत असताना स्वतःचे पुतळे बसवणं मला पटलेलं नाही. राजकारणातल्या भक्तीचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगून ठेवला होता.

पण एवढा दगड कशासाठी, हे मला शहराच्या जुन्या भागात कळलं. तिथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीला शाहू महाराजांचं नाव होतं. २०१२ मध्ये सरकार बदललं, पाटी उतरली आणि किंग जॉर्ज परत आले. त्याच वर्षी जानेवारीत, निवडणुकीआधी, आयोगाच्या आदेशाने हत्तीही झाकले होते. मतदान झालं, आवरणं निघाली, हत्ती होते तिथेच होते.

परिवर्तन स्थळाच्या संग्रहालयात फुले आहेत, शाहू आहेत, नारायण गुरू आहेत. आईला हिंदी वाचता येत नाही. शाहू महाराजांसमोर ती थबकली. "हे तर आपल्या कोल्हापूरचे," म्हणाली, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला मराठीतच त्यांच्या वसतिगृहांबद्दल सांगू लागली. त्या बाईला किती कळलं कुणास ठाऊक, पण ती शेवटपर्यंत ऐकत होती.