चालत येणारा बाप: क्लाइड्सडेल घोड्यांच्या वंशावळीची गोष्ट

आजचा भाग घोड्यांवर आहे. पण रेसचे घोडे नाहीत, लग्नातली घोडी नाही आणि किल्ल्यावरचे घोडेही नाहीत. आज आपण बोलणार आहोत नांगर ओढणाऱ्या घोड्याबद्दल.

डिसेंबर 1911. स्कॉटलंडमधलं एअर नावाचं गाव. तिथे एका घोड्याचा लिलाव झाला आणि बोली थांबली 9,500 पौंडांवर. त्या काळातले 9,500 पौंड! घोडा अकरा वर्षांचा, आयुष्यात एकही रेस न धावलेला. नाव बॅरन ऑफ बुक्लायव्ही. मग एवढे पैसे कशाचे? तर तो ज्यांचा बाप होता त्यांचे, आणि पुढे ज्यांचा बाप होणार होता त्यांचे.

हा घोडा क्लाइड्सडेल जातीचा. क्लाइड नदीचं खोरं म्हणजे क्लाइड्सडेल, आजचा लॅनार्कशायर भाग. अठराव्या शतकात तिथल्या स्थानिक घोड्यांमध्ये फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने आणलेल्या मोठ्या घोड्यांचं रक्त मिसळलं आणि त्यातून ही जात उभी राहिली. 1826 मध्ये ग्लासगोच्या एका प्रदर्शनात 'क्लाइड्सडेल' हे नाव पहिल्यांदा नोंदलेलं सापडतं. आजचा क्लाइड्सडेल खांद्यापाशी सव्वापाच ते सहा फूट उंच आणि वजनाला टनाच्या आसपास असतो. कपाळावर पांढरा पट्टा, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि खुरांवर लांब केसांची झालर. एकदा पाहिला की विसरत नाही.

आता मुद्द्याचं. लहान शेतकऱ्याला पैदाशीचा घोडा पाळणं परवडायचं नाही. खायला भरपूर लागतं, सांभाळायला अवघड, आणि काम वर्षातले काही महिनेच. मग तोडगा काय? घोड्यानेच दारात यायचं!

पद्धत अशी होती. एका भागातली शेतकऱ्यांची सोसायटी घोड्यांचं प्रदर्शन भरवायची. जो घोडा सगळ्यात चांगला ठरेल त्याच्या मालकाला बक्षिसाची रक्कम मिळायची. पण अट होती. त्याने तो घोडा ठरलेल्या भागात फिरवायचा आणि तिथल्या घोड्यांना, म्हणजे माद्यांना, दाखवायचा. स्कॉटलंडमध्ये याच्या लेखी नोंदी 1837 पासून मिळतात. वसंत आला की मोतद्दार घोड्याचा लगाम धरून पायी निघायचा. मार्ग ठरलेला, मुक्कामाची शेतं ठरलेली. छापील कार्ड असायचं. त्यावर घोड्याचं नाव, बाप, आजा, जिंकलेली बक्षिसं. एक प्रकारचा बायोडेटाच म्हणा ना! फीचे बहुतेक वेळा दोन भाग असायचे. काही पैसे लगेच आणि उरलेले घोडी गाभण राहिल्यावर.

फेरी ठरावीक दिवसांनी परत यायची, आणि त्यामागे साधं गणित होतं. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. फेरीवरचा घोडा तीन आठवड्यांनी पुन्हा दारात आला आणि घोडीने त्याला जवळ येऊ दिलं नाही, तर ती बहुधा गाभण आहे. सोनोग्राफी नाही, टेस्ट नाही. लाथ हीच टेस्ट.

आता त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू झालं की ते नांगराला जुंपण्याजोगं व्हायला आणखी तीन वर्षं. म्हणजे आज तुम्ही कुठला घोडा निवडलात, याचं उत्तर चार वर्षांनी मिळणार. फी छोटी, पण निवड चुकली तर चार वर्षांचा चारा पाण्यात. म्हणूनच तो कार्डाकडे बघायचा, आणि त्याहून जास्त पायांकडे. दगडी रस्त्यावर, ओल्या शेतात दिवसभर ओढायचं तर खूर रुंद आणि मजबूत हवेत, खुराच्या वरचा सांधा तिरका आणि लवचीक हवा. अंग कितीही भरदार असू दे, खूर खराब तर घोडा कामाचा नाही.

चालत्या घोड्यांमुळे ही जात स्कॉटलंडभर आणि उत्तर इंग्लंडात पसरली. मग प्रश्न आला नोंदीचा. कार्डावर आजा कोण लिहिलाय, ते खरं कशावरून? म्हणून 1877 मध्ये क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी स्थापन झाली आणि 1878 मध्ये वंशावळीचं पहिलं पुस्तक निघालं. प्रत्येक घोड्याला नाव आणि नंबर.

आणि लगेच भांडण लागलं! इंग्लंडमध्ये शायर नावाची अशीच जड घोड्यांची जात आहे. लॉरेन्स ड्रू नावाच्या पैदासकाराचं म्हणणं होतं की शायर आणि क्लाइड्सडेल मुळात एकाच रक्ताचे, तेव्हा शायर माद्या वापरायला हरकत काय? सोसायटीला ते पटेना. 1883 मध्ये ड्रू आणि त्याच्या साथीदारांनी वेगळी संस्था काढली. ती फार टिकली नाही. पण गंमत बघा. ड्रूचा लाडका घोडा प्रिन्स ऑफ वेल्स, 1866 चा जन्म, नंबर 673. त्याच्या आईच्या बाजूला इंग्लिश रक्त आहे असं तेव्हाही बोललं जायचं. आणि तोच सोसायटीच्या पुस्तकातल्या सगळ्यात मोठ्या बापांपैकी एक ठरला.

दुसरा मोठा बाप डार्नली, जन्म 1872, नंबर 222. प्रिन्स ऑफ वेल्सची चाल उमदी, डार्नलीचे पाय आणि खूर उत्तम. मग पैदासकारांनी एकाच्या मुली दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या मुली पहिल्याला दाखवायला सुरुवात केली. फॉर्म्युला इतका जमला की सगळ्यांनी तोच धरला. डार्नलीचा मुलगा टॉप गॅलंट, त्याचा सर एव्हरार्ड, त्याचा बॅरन्स प्राइड, आणि त्याचा मुलगा म्हणजे आपला लिलावातला बॅरन ऑफ बुक्लायव्ही. त्याच्यावरून दोन भागीदारांमध्ये घोडा नेमका कोणाचा यावर वाद झाला. तो थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि शेवटी लिलावात मिटला. 1914 मध्ये एका घोडीच्या लाथेने बॅरनचा पाय मोडला आणि तो गेला. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये त्याचा सांगाडा आहे. पण तोवर त्याचा मुलगा ड्युन्युअर फुटप्रिंट गादीवर बसला होता.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ऐकायला ही यशाची गोष्ट आहे. पण एक हिशोब करूया. समजा एका भागात 100 माद्या आहेत आणि सगळ्यांनी एकच नावाजलेला घोडा निवडला. पुढच्या पिढीतली सगळी शिंगरं बापाकडून भावंडं. आता त्याच बापाचा एखादा नामी मुलगा त्या मुलींसाठी आणला, तर होणाऱ्या शिंगरात आठातल्या एका जनुकाच्या जोडीत दोन्ही प्रती त्या एकाच आजोबाकडून आलेल्या असण्याची शक्यता. साडेबारा टक्के. चांगले खूर पक्के होतात, हे खरं. पण लपलेला दोषसुद्धा तसाच पक्का होतो. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. चार वर्षांची जोखीम घ्यायची तर सगळ्यात भरवशाचाच बाप घ्यायचा ना! पण सगळे एकाच वेळी शहाणे झाले की जात अरुंद होते.

माद्या भरपूर होत्या तोवर हे खपून गेलं. 1911 या एका वर्षात 1,600 हून जास्त क्लाइड्सडेल ब्रिटनबाहेर गेले. मग पहिलं महायुद्ध आलं आणि हजारो घोडे सैन्याने नेले. मग ट्रॅक्टर आला. इंग्लंडमध्ये 1946 साली 200 हून जास्त परवानाधारक पैदाशीचे घोडे होते, 1949 ला उरले 80. फक्त तीन वर्षांत! 1975 पर्यंत ब्रिटनमध्ये पैदाशीच्या माद्या 900 पेक्षा कमी राहिल्या आणि ही जात धोक्यातली म्हणून नोंदली गेली. आजही ती दुर्मिळ जातींच्या यादीतून बाहेर आलेली नाही. आधीच अरुंद झालेली वंशावळ, आणि त्यात हे.

आज क्लाइड्सडेल जगाला माहीत आहे तो बडवायझरच्या जाहिरातींमुळे. 1933 पासून ती गाडी फिरतेय. त्या गाडीला लागतात खच्ची केलेले, उंच, तांबूस तपकिरी, चारही पाय पांढरे असलेले घोडे. म्हणजे निवडीचा निकष बदलला. पूर्वी विचारायचे, नांगराला कसा आहे? आता विचारतात, दिसतो कसा? झालर जितकी दाट तितका घोडा देखणा. पण अशा झालरवाल्या जड जातींमध्ये पाय सुजत जाण्याचा, बरा न होणारा एक आजारही आढळतो. जाहिरातीत तो दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी या आपल्या जाती. चालत येणाऱ्या घोड्याला एका मोसमात मर्यादित माद्याच शक्य होत्या. गोठवलेल्या रेतनाच्या कांड्यांमुळे आज एका वळूची हजारो वासरं होऊ शकतात. स्कॉटलंडमध्ये जे व्हायला पिढ्या लागल्या, ते आता काही वर्षांत होऊ शकतं. म्हणून घरी गाय असेल, तर पुढच्या वेळी कांडी भरताना एक प्रश्न नक्की विचारा: हा वळू कोणाचा, आणि गेल्या वेळचा कोणाचा होता? उत्तर वहीत लिहून ठेवा. पहिल्या पानावर वंशावळ फार छोटी दिसेल. पण ते स्कॉटिश पुस्तकही असंच एकेका नावाने भरत गेलं.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर ज्याच्या गोठ्यात जनावर आहे अशा एका तरी मित्राला पाठवा. भेटूया पुढच्या भागात!