मुलांचे चित्र आणि पालकांचा हात

(बालचित्रकला शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार काहीच नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड दुकानदार. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती अन्य पालकांच्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने मी आपणापुढे उभा आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. स्पर्धेसाठी घरून चित्र काढून न्यायचे होते आणि विषय होता 'माझे बाबा'. त्याने आमचे दुकान काढले. गादीवर मी बसलेलो, मागे ताग्यांच्या रांगा आणि कापड मोजणारा माझा हात एवढा मोठा, की त्याने निम्मा कागद व्यापलेला! मी म्हणालो, "अरे, हात एवढा मोठा असतो का कधी?" लगेच खोडरबर घेऊन तो हात मी पुसला आणि माझ्या हाताने नीट प्रमाणात काढून दिला. चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्र मी चौकटीत बसवून दुकानात लावले. त्यानंतर मात्र मुलाने मला एकही चित्र दाखविले नाही. अभ्यास वाढला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या गोष्टीचा उलगडा मला या शिबिरात झाला. येथील शिक्षकांनी व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाची माहिती दिली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात त्यांनी बालचित्रांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. दोन वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या ओढते. चार वर्षांच्या सुमारास त्याच्या माणसाला डोक्यापासूनच हातपाय फुटतात. पुढे सात-आठ वर्षांचे मूल खाली जमिनीची रेघ ओढते, वर आकाशाचा पट्टा रंगविते आणि कित्येकदा घराच्या भिंतीआडची माणसेही दाखविते. या वयात जे त्याला महत्त्वाचे वाटते, ते तो मोठे काढतो. म्हणजे तो मोठा हात ही माझ्या मुलाची चूक नव्हतीच. वडिलांचा हात त्याला तेवढा मोठा वाटत होता, आणि मी तोच पुसून टाकला.

नऊ-दहा वर्षांच्या सुमारास चित्र हुबेहूब यावे असे मुलाला स्वतःलाच वाटू लागते. ते न जमल्यास 'मला चित्र येत नाही' असे म्हणून अनेक मुले कागद बाजूला ठेवतात. त्या वेळी आपला एक शब्द मुलाला धीर देतो किंवा त्याचा धीर खचवितो. म्हणून चित्र समोर आले, की 'हे काय काढलेस?' असे दरडावून विचारू नये. 'मला याची गोष्ट सांग' असे म्हणावे. परवा माझ्या नातीने सहा पायांचा कुत्रा काढला. मी खोडरबर शोधला नाही, गोष्ट विचारली. ती म्हणाली, "आजोबा, तो पळतोय ना!"

आता थोडे साहित्याविषयी. आपण व्यापारी माणसे, खर्चाचा विचार करणारच. बारा किंवा चोवीस रंगांची पेटी घेतलीच पाहिजे असे नाही. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढे पोस्टर रंग असले, तरी इतर बहुतेक रंग मूल स्वतः मिसळून तयार करते, आणि त्यातच त्याचे शिक्षण होते. लहानग्यांना जाड मेणखडू द्यावेत, रंग विषारी नसल्याची खूण वेष्टनावर पाहून घ्यावी. ब्रश पाण्यात उभा ठेवू नये, केस वाकतात. हळदीच्या पाण्यात मोठ्या माणसाने चुन्याची निवळी घातली, की पिवळ्याचा लाल होतो. तो चमत्कार पाहताना मुलांचे डोळे कसे विस्फारतात, ते आपण या शिबिरात पाहिलेच.

स्वस्त साहित्यातून शिकविण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंना त्यांनी शैक्षणिक साधने बनविले. त्याच डहाणू परिसरात वारली भगिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखाटत आल्या आहेत. या कलेतील थोर चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. पीठ, गेरू आणि बांबूची काडी एवढ्या सामग्रीवर ही कला उभी आहे.

आपल्या दुकानांतूनही बरेच काही वाया जाते. ताग्यांची उरलेली टोके, तागे गुंडाळण्याचे पुठ्ठे, शर्टिंगच्या नमुन्यांची जुनी पुस्तके. ही सारी चिकटचित्रांची सामग्री आहे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की ती फेकू नये, संस्थेकडे पाठवावी.

विश्वस्त मंडळास एक सूचना करतो. दर महिन्याच्या एका रविवारी या सभागृहात तासभर चित्रवर्ग भरवावा. शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींसाठी स्वतंत्र वर्ग अवश्य असावा, परंतु या तासाला स्पर्धा नको, क्रमांक नको, बक्षीसही नको. एकच अट असावी. पालकांनी मुलांना सोडून निघून जाऊ नये, सतरंजीवर शेजारी बसून स्वतःचे चित्र काढावे. मुलाच्या कागदाला मात्र हात लावू नये.

काल येथे माझा मुलगा त्याच्या लेकीशेजारी बसला होता. तीस वर्षांनी त्याने हाती ब्रश घेतला. त्याने काय काढले, हे मी अद्याप पाहिलेले नाही. दाखवावेसे वाटले तर तो दाखवील. या वेळी मी फक्त गोष्ट विचारणार आहे.