संगणकाचे दप्तर विस्कटते तेव्हा

आमच्या महाविद्यालयात लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. ग्रंथालयाची यादी त्यावर असते. आणि विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून ध्वनिमुद्रित करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्याही त्यावरच ठेवलेल्या होत्या. ज्या आजीबाईंनी त्या म्हटल्या त्यांतल्या कित्येक आज हयात नाहीत. मी मराठी शिकवणारा माणूस. पण यंत्राची आवड, म्हणून त्याची देखभाल माझ्याकडे आली.

एकदा मेअखेरीस वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी झालेली. ती बदलायची राहिली, हा दोष माझाच. वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला तो काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहून थांबला. रूट फाइलसिस्टिममध्ये दोष आहे, हाताने तपासणी करा!

आता फाइलसिस्टिम म्हणजे काय, ते पाहू. डिस्कवर मजकूर तुकड्यातुकड्यांनी पसरलेला असतो. कोणत्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, ती केवढी, केव्हा बदलली, ही माहिती आयनोड नावाच्या नोंदीत असते. गंमत अशी, की फाइलचे नाव मात्र त्या नोंदीत नसते. ते फोल्डरच्या यादीत असते. एवढे ध्यानात ठेवा. दुकानदार जसा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपून मग खतावणीत घेतो, तशी ही व्यवस्थाही होणारे फेरफार आधी जर्नलमध्ये टिपते. म्हणून वीज गेली तरी बहुधा निभावते. पण डिस्कच दुबळी झाली असेल, किंवा 'लिहिले' असे सांगून तिने प्रत्यक्षात लिहिले नसेल, तर रोजकीर्द काय करणार?

आणि रूट म्हणजे ज्या भागावर सारे यंत्र उभे असते तो. तो वापरात असताना त्याची दुरुस्ती करू नये. ज्या बाजेवर आपण बसलो आहोत तिचीच वीण कशी उसवायची? ती यंत्र पुरते उठण्याआधी, नाहीतर पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्सने यंत्र सुरू करून करावी लागते.

दुरुस्तीच्या आज्ञेचे नाव एफ-एस-सी-के. ती प्रत्येक दोषापाशी थांबून विचारते, 'हे दुरुस्त करू का?' प्रश्न संपेनात, तेव्हा मी कंटाळलो आणि 'सगळ्याला होय' असे सांगून चहाला गेलो. परत येतो तो सर्व्हर सुरू! मोठा आनंद झाला. मग ओव्यांचे फोल्डर पाहायला गेलो, तर ते नव्हतेच. नक्कल? होती की, पण त्याच डिस्कवर!

ह्या आज्ञेचे काम दप्तर आपसांत जुळते करणे हे आहे; तुमचा मजकूर परत आणणे नव्हे. जी नोंद जुळत नाही ती खोडूनही ती हिशेब जुळवते. म्हणून आधी हात आवरावा. पेन ड्राइव्हने यंत्र सुरू करून सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क खडखडत असेल तर ह्या कामाला डीडीरेस्क्यू चांगले. मूळ डिस्क कपाटात ठेवावी. मग नकलेवर, प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणणारी तपासणी आधी चालवावी. तिच्यात काही बदलत नाही, नुसते कळते. सुपरब्लॉक, म्हणजे दप्तराचे पहिले पानच, खराब झाले असेल तर घाबरू नये. त्याच्या नकला डिस्कवर पुढे असतात. नेहमीच्या मांडणीत पहिली ३२,७६८ क्रमांकाच्या तुकड्यापाशी. ती वापर असे सांगता येते.

आमच्या ओव्या अखेर 'लॉस्ट-प्लस-फाउंड' नावाच्या फोल्डरात सापडल्या. पोरक्या फाइली तिथे जमा होतात. आवाज शाबूत, पण नावाच्या जागी नुसते क्रमांक! मात्र आयनोडात तारखा होत्या. विद्यार्थ्यांच्या वह्यांत कोणत्या दिवशी कोणत्या गावी गेलो ते लिहिलेले होते. आम्ही तारखेला तारीख लावत बसलो, आणि एकाच दिवशीच्या अनेक असतील तिथे आवाज ऐकून ओळखले. पावसाळा त्यातच गेला.

दोन फाइली अजून क्रमांकानेच राहिल्या आहेत. त्यांतल्या एकीत ओवी मध्येच थांबवून बाई कुणाला तरी सांगतात, "अगं, दूध उतू जाईल, बघ." त्या कोण, हे आम्हांला अजून सांगता आलेले नाही.