म्हातारचळ नव्हे

मी कवी माणूस. बी.ए.पर्यंत शिकलेला. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरता. तरी आज एका आजाराविषयी बोलणार आहे, कारण आपल्या मराठीतल्या एका शब्दाने माझ्या मित्राचा संसार मोडत आणला होता. तो शब्द म्हणजे ‘म्हातारचळ’. मित्राच्या परवानगीने, पण त्याचं नाव न घेता सांगतो.

हा मित्र पेणचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्यात त्याची हयात गेली. साठीच्या सुमारास त्याचा उजवा हात थरथरू लागला. गंमत अशी, की ब्रश धरला की हात बऱ्यापैकी स्थिर. नुसता मांडीवर ठेवला की थरथर. पुढे चाल मंदावली, अक्षर बारीक झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं निदान करून गोळ्या दिल्या. हात पुन्हा चालू लागला. आम्ही पेढे खाल्ले.

वर्षभराने एका संध्याकाळी वहिनी रोह्याला आमच्या दारात उभ्या. रोहा त्यांचं माहेर. भावाकडे राहायला आल्या होत्या. माझ्या पत्नीशी त्या आतल्या खोलीत तासभर बोलल्या. रात्री पत्नीने अडखळत मला सांगितलं. मित्राला ना वेळेचं भान, ना वयाचं. ‘नाही’ म्हटलं की चिडतो. मोबाइलवर नको ते बघत पहाटेपर्यंत जागतो. पस्तीस वर्षांत ज्याने आवाज चढवला नाही, तो हा माणूस! वहिनींनी जावेपाशी विषय काढला, तर उत्तर आलं, ‘म्हातारचळ लागलाय, दुसरं काय?’ शब्द मिळाला आणि विषय संपला.

मी पेणला गेलो. मित्र मान खाली घालून म्हणाला, ‘कळतं रे सगळं, पण आवरत नाही.’ डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं. ‘हे कसं सांगू? त्यांनीही विचारलं नाही.’ पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो आणि त्याच्या संमतीने मीच तोंड उघडलं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी समजावलं ते असं. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं. हे द्रव्य हालचालींना लागतं, तसंच सुखाच्या ओढीलाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं डोपामिनचं काम करतात. हात-पाय सुधारतात, पण काहींच्या बाबतीत ओढीचा लगाम सुटतो. कुणी जुगार खेळतो, कुणी वारेमाप खरेदी करतो, कुणाची कामवासना अनावर होते. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या सुमारे चौदा जणांत असा काही ना काही बदल आढळला. कामवासनेचा साडेतीन जणांत.

उलटंही घडतं. अनेकांची इच्छाच मावळते, पुरुषांना शारीरिक अडचण येते. चेहऱ्याचे स्नायू आखडून हसू उमटत नाही आणि बायकोला वाटतं, यांचं मन उडालं. आजारी बाई असेल तर तिला कुणी विचारतही नाही.

आपल्या कोकणात कुंपणावर खाजकुयली वाढते. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, जे मेंदूत गेल्यावर डोपामिन बनतं. पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध तेच. आणि आयुर्वेदाने हेच बी वाजीकरणासाठीही सांगितलं आहे! पण म्हणून तिचं चूर्ण आपल्या मनाने घेऊ नका. चालू गोळ्यांत भर पडून घोटाळा होईल.

मित्राची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली, दुसरी वाढवली. ही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हे लक्षात ठेवा. काही आठवड्यांत तो पूर्वीसारखा झाला. किंमत मोजावी लागली; चाल पुन्हा थोडी मंद झाली, बारीक आखणी आता मुलगा करतो. वहिनी पेणला परतल्या, पण बरेच दिवस वेगळ्या खोलीत झोपल्या. तो त्यांचा हक्क होता. बदल औषधाने झाला हे खरं. पण बायकोच्या ‘नाही’चा अर्थ आजाराने बदलत नाही.

ज्याला तुम्ही लाज म्हणता, त्याला आमच्या घरात हया म्हणतात. दोन्ही शब्द मला प्रिय आहेत. पण डॉक्टरांच्या खोलीत ते चपलांबरोबर बाहेर ठेवावेत. तुमच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण असेल आणि वागणं बदललं असेल, तर कधीपासून बदललं, त्याआधी कोणती गोळी सुरू झाली, एवढं कागदावर लिहा. बोलवत नसेल, तर तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. आमच्या वहिनींना असा कागद लिहा म्हणून कुणी सांगितलं असतं, तर पेणहून रोह्याला त्या फक्त माहेरपणाला आल्या असत्या.